ओढ्यापलीकडे बसवलेलं यंत्र

सरांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, की ते बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे, बोट दाखवत. काकू बरोबर नसल्या, तर शेजारी जो कुणी उभा असेल त्याच्याकडे. कॉलेजात बहुतेक वेळा शेजारी मीच असे. त्यामुळे प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना सरांची प्रकृती मी सांगत आले. "बरे दिसतायत," मी म्हणायची. सर ते लक्षपूर्वक ऐकायचे आणि मान डोलवायचे. जणू त्यांनाही ते आत्ताच कळलं.

त्यांचं म्हणणं असं, की माणसाला त्याची तब्येत विचारण्यात अर्थ नसतो, कारण माणूस खोटं बोलतो. शेजाऱ्याला विचारावं. "शेजारी वाढवून सांगतो, कबूल," ते म्हणत. "पण दर शेजाऱ्याचं वाढवायचं माप ठरलेलं असतं. तेवढं वजा करायचं."

शिरूरच्या बाहेर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. सर तिथे विजेचा विषय शिकवत, मी ग्रंथपाल. दोघंही राहायला दौंडला. म्हणून वर्षानुवर्षं मी त्यांच्या गाडीतून जात-येत होते. चौफुल्यावरून वळायचं, पारगावचा पूल ओलांडायचा आणि न्हावऱ्यावरून शिरूर. सर गेल्या उन्हाळ्यात गेले. आता मी एसटीने जाते. खिडकीतून विजेचे तेच मनोरे दिसतात. कुठली तार कुठून निघून कुठे जाते ते सर रोज सांगत आणि मी रोज विसरत असे. आता ऐकावंसं वाटतं, तर सांगायला कुणी नाही.

सरांच्या डोक्यात आयुष्यभर एकच प्रश्न होता. तो त्यांनी मला वाचनालयात बसून समजावला, कारण वाचनालयात माझ्याशिवाय कुणी नसायचं. देशभर विजेच्या मोठ्या तारांचं जाळं पसरलेलं आहे आणि त्यात हजारो उपकेंद्रं आहेत. या जाळ्याची नाडी क्षणाक्षणाला मोजणारी यंत्रं आता निघाली आहेत. ती उपग्रहावरून वेळ घेतात. पण ती सगळीकडे बसवणं परवडत नाही. गंमत अशी, की एका उपकेंद्रात यंत्र बसवलं, की तिथलं तर कळतंच, शिवाय तिथून निघणाऱ्या प्रत्येक तारेच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय तेही गणिताने काढता येतं. मग कमीत कमी किती यंत्रं, आणि नेमकी कुठे बसवली, म्हणजे सारं जाळं दिसेल?

"समजा, या वाचनालयातून पुस्तकं चोरीला जाऊ नयेत असं तुम्हाला वाटतं," सर म्हणाले. "कुठे कुठे माणूस उभा कराल?"

"कुठेच नाही," मी म्हणाले. "इथे पुस्तकाला कुणी हात लावत नाही."

सरांनी थोडा विचार केला. "तेही उत्तर आहे," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांनी ते कुठेतरी विचारात घेतलंही असावं.

हा प्रश्न त्यांनी घरातही सोडला नव्हता. त्यांच्या दौंडच्या घरात घड्याळ एकच. ते बोळाच्या भिंतीवर अशा जागी, की बाहेरच्या खोलीतून, झोपायच्या खोलीतून आणि अंगणातल्या झोपाळ्यावरूनही दिसावं. स्वयंपाकघरातून मात्र दिसत नसे. तेव्हा दुसरं घड्याळ आणण्याऐवजी सरांनी समोरच्या भिंतीवर आरसा लावला. आरशात घड्याळ उलटं. काकूंनी संसारभर उलट्या घड्याळावर कुकर लावला. त्याची त्यांना इतकी सवय झाली, की माहेरी गेल्या आणि सुलट घड्याळ समोर आलं, की त्यांची भाजी करपायची.

"लोकांच्या नवऱ्यांना दारूचं व्यसन असतं," काकू मला म्हणाल्या होत्या. "ते सोडवायची केंद्रं तरी असतात."

परीक्षेच्या दिवसांत तर सरांना भरतंच यायचं. एका वर्षी पर्यवेक्षकांची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी निम्म्या पर्यवेक्षकांना चहा प्यायला पाठवून दिलं. उरलेल्यांना सांगितलं, "कॉपी करणाऱ्याकडे बघू नका. तो तयारीत असतो. त्याच्या पुढच्याची मान बघा. ज्याच्या पाठीमागे कॉपी चालते, त्याची मान ताठ होते." एका वर्गात सगळ्याच माना ताठ झाल्याचा निरोप आला. सर धावत गेले. वर पंखा डुगडुगत होता आणि पोरं पेपर सोडून त्याच्याकडे बघत बसली होती. सरांनी पंखा बंद केला आणि विजयी मुद्रेने बाहेर आले. "काहीतरी बिघडलंय एवढं तर कळलं ना? पंख्याकडे न बघता कळलं."

सरांचं गाव खुटबावच्या पुढे, राहूच्या अलीकडे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील लवकर वारले आणि थोरल्या भावाने सरांना शाळेत ठेवून स्वतः कळप वळला. या भावाला सगळा गाव आप्पा म्हणतो. सरही आप्पाच म्हणत. कळप आता राहिलेला नाही. आप्पांचा ऊस आहे, कांदा आहे, दारात चार शेळ्या आहेत. पण बोलताना त्यांना मेंढरांशिवाय दाखला सापडत नाही.

आप्पांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. सर पाहुण्यांत कुठे दिसेनात. पाहते तर मांडवामागे, जिथे खरकट्या पत्रावळ्या येऊन पडत होत्या, तिथे ते खुर्ची टाकून बसले होते. आप्पा फेटा सावरत आले.

"आरं, पाव्हण्यांत बसायचं सोडून हितं खरकट्यापाशी काय करतुयास?"

"आप्पा, भात कमी पडणार बघा. पत्रावळीवर भाताचं शीत उरंना झालंय. लोक दुसऱ्यांदा मागाय लागलेत."

"आचारी तिकडं हाय. त्याला इचार की!"

"आचारी न्हाई म्हणंल."

भात कमी पडला. आप्पांनी त्याचं खापर सरांवर फोडलं. "त्यो बोलला म्हणून पडला. ऐन मुहूर्ताला असलं बोलत्यात व्हय?" आणि वर्षभर जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की ऐकणाऱ्याला कळावं, हा धाकटा भाऊ म्हणजे आप्पांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मिळकत आहे.

मग ते यंत्र आलं.

आमच्या भागात अशी यंत्रं कुठे बसवायची हे ठरवायला पुण्यात एक समिती झाली आणि तिच्यावर सरांना घेतलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तेवढ्यावर गावाने फ्लेक्स लावला. 'देशाच्या विजेवर नजर ठेवणारे आपले भूमिपुत्र.' फोटोत सरांचे डोळे मिटलेले होते. तेवढा एकच फोटो गावात मिळाला म्हणे.

सरांच्या गावच्या शिवारात एक उपकेंद्र आहे. ओढ्यापलीकडच्या गावाच्या शिवारात दुसरं. या दोन गावांचं यात्रेतल्या कुस्त्यांपासून ओढ्यावरच्या बंधाऱ्यापर्यंत कशावरूनच जमत नाही. यंत्र या दोनांपैकी एकाच ठिकाणी बसणार होतं. आपला माणूस समितीवर म्हटल्यावर ते आपल्याकडेच येणार, यात गावाला शंका नव्हती. यंत्र आलं, की दिवसा थ्री फेज लाईट मिळणार, पाण्याच्या मोटारी दिवसा चालणार, असंही सगळे धरून चालले होते. हे कुणी पसरवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गणित मात्र ओढ्यापलीकडचं नाव सांगत होतं. तिथून चारी दिशांना तारा जातात. त्यातलीच एक सरांच्या गावी येऊन थांबते. सरांनी मला वाचनालयात कागदावर टिंबं काढून दाखवलं. पलीकडे एक यंत्र ठेवलं, की अलीकडचं उपकेंद्र त्यात आपोआप दिसतं. अलीकडे ठेवलं, तर बाकीचं बघायला आणखी एक लागतं. त्यांनी ते गणित उलटसुलट करून पाहिलं. एरवी झरझर लिहिणारा हात त्या आठवड्यात फार सावकाश चालला होता.

"आप्पांना काय वाटेल?" मी विचारलं.

"चौकशी केलीय," सर म्हणाले. दूध डेअरीवाल्याला त्यांनी फोन केला होता, पिठाच्या गिरणीवालीला केला होता, आप्पांची दाढी करणाऱ्या न्हाव्यालाही केला होता. सगळ्यांचं म्हणणं पडलं, की आप्पा समजून घेतील. सरांनी त्यातून वाढवून सांगितलेलं वजा केलं, तरी समजूतदारपणा शिल्लक राहत होता. त्यांनी सही केली.

त्यानंतर सर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा मी बरोबर होते. आप्पा अंगणात उभे होते. या म्हणाले नाहीत.

"एवढा शिकलास," ते म्हणाले, "आन् मेंढरं न्हेऊन शेजाऱ्याच्या रानात बसवलीस?"

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पीक निघाल्यावर शेतकरी धनगराच्या मिनतवाऱ्या करून मेंढरांचा कळप आपल्या रानात मुक्कामाला बसवून घेतात. लेंड्यांचं खत पडतं आणि ते रान पुढल्या साली जोमाने पिकतं. जिथे कळप बसतो, त्याचंच रान पिकतं. बांधापलीकडच्याला त्यातलं काही मिळत नाही. आप्पांनी सारं आयुष्य हा हिशेब पाळला होता.

"आप्पा, ही मेंढरं न्हाईत," सर म्हणाले. "यंत्र काय देत न्हाई कुणाला. ते नुसतं बघतं."

"बघतं ना? मग आमच्याकडं बघाय त्याला काय झालं?"

"तिथनं तुमचंबी दिसतंय की. म्हणून तर तिथं बसवलंय."

आप्पांचा आवाज चढला. "म्हंजी त्या गावात बसून आमच्या घरात डोकावणार? ह्ये तर लईच झालं! आरं, त्यापरीस डोळं फोडून टाकायचं त्याचं!"

"आप्पा, तसं न्हाई..."

"बास. आता तुझं माझं बोलणं न्हाई."

परत येताना मला फ्लेक्स दिसला. उतरवून कांद्याच्या ढिगावर झाकायला घातला होता, सरांचा चेहरा कांद्याकडे करून.

ओढ्यापलीकडे मात्र थाट झाला. यंत्राच्या कपाटाला हार घातला, सरांना फेटा बांधला, शाल दिली. कपाटावर नारळ फोडायला निघालेल्या सरपंचांना कंपनीचा तरुण इंजिनिअर हात पसरून आडवा आला, तेव्हा नारळ पायरीवर फुटला. त्याच संध्याकाळी त्या गावची लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सरपंचांचा फोन आला, "सर, तुमचं मशीन लाईट खातंय." त्यामुळे सरांना पलीकडच्या गावातही तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पण फेट्यातला फोटो तोवर तालुकाभर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. आप्पांनीही तो पाहिला.

पारगावच्या फाट्यावर एक रसवंती आहे. आप्पा सकाळी कामासाठी तिकडे येत आणि आमची गाडी जाण्याच्या सुमारास रसवंतीच्या बाकावर बसलेले असत. एके दिवशी सरांनी गाडी फाट्याच्या थोडी अलीकडेच थांबवली.

"तुम्ही रस घेऊन या," ते मला म्हणाले.

मला उसाचा रस मुळीच आवडत नाही. ते सरांना माहीतही होतं. मी उतरले.

"या बाई," आप्पा म्हणाले. "गाडीत हाय का त्यो?"

"आहेत."

"काय करतुय?"

"मनोऱ्याकडे बघतायत."

"दुसरं काय येतंय त्याला! जेवतुय का नीट?"

"जेवतात."

"खोकला?"

"कमी आहे."

आप्पांनी रसवाल्याला माझ्या ग्लासात लिंबू जास्त पिळायला सांगितलं आणि पैसे देऊ दिले नाहीत. मी गाडीत येऊन बसले.

"काय म्हणाला?" सरांनी विचारलं. समोर नसले की आप्पांचा एकेरी उल्लेख होई.

"तुम्ही जेवता का म्हणाले."

"उभा होता का बसला होता?"

"उठताना बाकाला धरलं त्यांनी."

"म्हणजे गुडघा," सर म्हणाले आणि गाडी सुरू केली. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "तुमची जागा फार मोक्याची आहे." ही स्तुती होती की गणित, ते मला कळलं नाही.

असं रोज चाललं. मी एकदा सरांना म्हटलं, काच खाली करा आणि स्वतः विचारा. ते म्हणाले, "विचारलं तर म्हणेल, बरा हाय. त्यातून काय कळणार?" आप्पांना म्हटलं, गाडी दहा पावलांवर आहे, चला. ते म्हणाले, "कशाला? त्यो काय खरं सांगणार हाय व्हय?" तेव्हा माझी खात्री पटली, की हे दोघे एकाच आईची लेकरं आहेत आणि मला अजून बराच रस प्यायचा आहे.

थंडी सरता सरता सरांचे कपडे सैल दिसू लागले. मी ते आप्पांना सांगितलं. त्यांनी हातातला ग्लास न पिता खाली ठेवला.

सरांना दौंडच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर तरुण होते. "काका, कसं वाटतंय?" असं त्यांनी विचारलं, की सर काकूंकडे बोट दाखवत. डॉक्टरांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अहो, पोट तुमचं दुखतंय ना? मग काकूंना काय विचारू?"

"तिचा चेहरा बघा ना," सर म्हणाले.

शेवटी डॉक्टरांनी जे काय होतं ते काकूंना बाहेर बोलावून सांगितलं. काकूंनी ते मला सांगितलं. आणि मी आत आल्यावर सरांनी ते माझ्या तोंडावरून वाचलं. कुणीच त्यांना काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने निघाले आणि फाट्यावर उतरले. आप्पा बाकावर होते. त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"आज गाडी न्हाई?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वजा करण्याजोगं काही त्यात नव्हतं. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली, आणि गावातल्या एका पोराच्या पिकअपकडे चालू लागले. मी कॉलेजला गेलेच नाही. त्यांच्याबरोबर दौंडला परत आले.

खोलीत आप्पा खाटेजवळच्या स्टुलावर बसले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाईंकडं बघू नगंस," आप्पा म्हणाले. "मी तुला इचारतुय. दुखतंय का?"

सरांनी सवयीने दारात उभ्या असलेल्या काकूंकडे बोट उचललं आणि परत खाली ठेवलं.

"दुखतंय," सर म्हणाले. "लई दुखतंय, आप्पा."

आप्पांनी त्यांच्या पायावरून हात फिरवला. मग, तो हात तसाच ठेवून, भांडायला लागले.

"डेअरीवाल्याला इचारलंस. गिरणीवालीला इचारलंस. त्या न्हाव्यालाबी इचारलंस, आन् त्यो माझ्या गळ्यावर वस्तरा ठिवून मला समदं सांगून मोकळा झाला. अख्ख्या गावाला इचारलंस. मला न्हाई इचारलंस."

"तुम्ही नको म्हणला असता."

"व्हय, म्हणलो असतो! शिव्याबी दिल्या असत्या. आन् मग म्हणलो असतो, जा, बसव कुठं बसवायचं त्ये. मला यंत्राचं काय करायचंय? आरं, मी इतकी वरसं मेंढरं वळली, ती तू मला इचारावं म्हणून. आप्पा, असं करू का? एवढंच."

नर्सबाई आत आल्या आणि आवाज कमी करा म्हणाल्या. आप्पांनी आवाज कमी केला. बोलणं पुरतं बंदच केलं. सलाईन थेंब थेंब पडत होतं. सर छताकडे बघत होते. गणित अडलं की ते असेच बघत बसायचे.

"आप्पा," ते म्हणाले, "आता इचारू का एक?"

"इचार."

"मला घरी न्हेता का?"

दौंडचं घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. काकू काही बोलायला पुढे झाल्या, आणि थांबल्या.

"कवा?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तवा."

"मग आत्ताच चल."

शेवटचे काही आठवडे सर गावी होते. काकू सोबत होत्या. मी रविवारी जात असे. खाट ओसरीवर टाकली होती आणि दोघे भाऊ दिवसभर भांडत असत. यंत्र नुसतं बघतं तर त्याचा उपयोग काय, हे आप्पांना पटत नव्हतं, आणि सरही हट्टाने रोज नव्याने समजावत होते. बोलून दमले, की आप्पा त्यांना विचारत. पाणी देऊ? पाय चेपू? ऊन लागतंय का? आणि सर प्रत्येकाचं सरळ उत्तर देत. व्हय. न्हाई. जरा डावीकडं.

शेवटच्या रविवारी त्यांच्यात भांडण्याची ताकद नव्हती. आप्पांनी चमच्याने पाणी पाजलं, तोंड पुसलं.

"आजून काय पायजे?"

"काय न्हाई," सर म्हणाले. "बसा."

आप्पा शेळ्यांना चारा टाकायला निघाले होते. पेंढी दारातच ठेवून ते खाटेच्या कडेला बसले.